अकरा पायऱ्यांची फेरी

बळीराम सराफा ओळीच्या मातीतून महिन्याला तीन मासे सोनं काढायचा. कधी अडीच. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात चार. याहून जास्त कधीच नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो. कारण याच बाबतीत मी एकदा दुसरं काही लिहिलं होतं.

ही गोष्ट १९७२ सालची आहे. ज्या अंकात ती छापून येईल तो माझ्या पेपरचा नाही. माझ्या पेपरात ती छापून आली नसती.

एम.ए. होऊन मला वर्ष झालं होतं. नोकरी नव्हती. वडील उठायच्या आत मी घराबाहेर पडायचो, कारण सकाळच्या चहाला ते काही बोलायचे नाहीत आणि ते न बोलणं मला सहन होत नसे. आमचं घर महाल वस्तीत, बडकस चौकाजवळ. तिथून मूर्तिकारांच्या चितार ओळीतून मी इतवारीकडे चालत जायचो. एका पहाटे इतवारीच्या सराफा ओळीत माझी चप्पल मातीच्या एका लहानशा ढिगात गेली.

"ओ मास्तर, खाली पाहून चाला न. माही भाकर उडवून राहिले तुम्ही."

पायरीशी एक माणूस उकिडवा बसला होता. हातात खजुराचा कुंचा, बाजूला पत्र्याचं सुपडं. पंचेचाळिशीचा असेल. मिशी मोठी, बाकी अंगावर मांस नाही.

मी म्हणालो, मी मास्तर नाही.

"मंग कोन?"

"एम.ए. झालोय. मराठी घेऊन."

तो हसला. "मराठी त आपल्याले घरीच येते न गा. तिच्यासाठी कॉलेजात काहून गेला?"

 मी त्याच्याजवळ बसलो. त्यानंतर वर्षभर आम्ही जवळजवळ रोज भेटत होतो.

सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. कपड्यांना लागतो, तळव्यांना चिकटतो, पायरीवर झडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. बळीराम दुकानं उघडायच्या आत त्या पायऱ्या आणि त्यांच्यापुढची नाली झाडायचा, माती पोत्यात भरायचा आणि नाग नदीवर नेऊन लाकडी परातीत धुवायचा. माती वाहून जायची, जड तेवढं तळाशी राहायचं. त्यात पारा फिरवला की तो सोनं धरायचा. सोन्यावर सरकारी नियंत्रणाचा कायदा आल्यापासून ओळीतले निम्मे सोनार काम सोडून बसले होते. तरी बळीरामचं पोट त्यावर चालायचं.

त्याची वाट ठरलेली होती. घर गंगाबाई घाटाच्या अलीकडे, नदीला लागून. तिथून काठाकाठाने जुनी शुक्रवारी, मग गांधी गेट, महाल, चितार ओळ, आणि सराफा ओळ. परतताना मात्र जुन्या भंडारा रोडने उतरून पुन्हा नदीवर. आल्या वाटेने तो कधी परत गेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "भरलं पोतं घेऊन त्याच वाटेनं काहून जाचं? लोकाईले दाखवाले?"

ओळीत झाडायला त्याच्या हक्काच्या अकरा पायऱ्या होत्या. त्याच्या म्हणजे सत्यवतीच्या. सत्यवती त्याची बायको. त्यांच्या नात्यागोत्यात पायऱ्या मुलाकडे जात नसत, मुलीकडे जात. लग्नात बाप लेकीला आपली ओळ, म्हणजे आपल्या पायऱ्या, द्यायचा आणि जावई ती झाडायचा. बळीराम रामटेककडचा, सासऱ्याच्या ओळीवर आलेला. सत्यवती हे त्याला विसरू द्यायची नाही.

"कुंचा माह्या बापाचा," ती मला सांगायची, "ओळ माह्या बापाची. याची काय त मिशी."

"अन् तू कोनाची वं?" बळीराम विचारायचा.

"मी ओळीसंगं आली."

त्यांची एकच मुलगी, कौशल्या. तेव्हा एकोणीस वर्षांची. कमी बोलायची. पारा फिरवायला तिचा हात बापापेक्षा चांगला होता, असं बळीरामच सांगायचा. तिचं लग्न कामठीच्या नत्थूजींच्या मुलाशी जमत आलं होतं. नत्थूजी त्याच धंद्यातले, पण कामठीच्या सराफ्यात आता काही उरलं नव्हतं. त्यांना इतवारीची ओळ हवी होती. ते हे लपवत नव्हते. बोलणी करायला आले तेव्हा बळीरामच्या खाटेवर बसून म्हणाले, "पोरगी चांगली हाय, ते दिसूनच राहिलं. मले ओळ दाखव."

ओळ दाखवण्याचीही त्यांची रीत होती. तिला ते फेरी म्हणायचे. मुलाच्या बापाला घेऊन घरून निघायचं, रोजच्या वाटेने ओळीवर जायचं, आणि दुसऱ्या वाटेने नदीवर परतायचं. मुलीने सोबत चालायचं, हातात कोरं सुपडं घेऊन. प्रत्येक पायरीवर दुकानदाराने त्या पायरीची चिमूटभर माती सुपड्यात टाकायची. ती पडली की पायरी मुलीची. अकरा चिमट्या पडल्या की लग्न पक्कं. कागद कोणी करत नाही. आणि एकदा निघाल्यावर फेरी अर्धवट सोडायची नाही.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी फेरी ठरली. बळीरामने मला बोलावलं. "तू शिकलेला. सोबत असला त बरं दिसन."

त्याच्या आधीच्या रविवारी माझा लेख छापून आला.

लेखाचं नाव होतं 'पहाटेची इतवारी'. बळीरामबरोबर मी जी वाट चालायचो तीच वाट मी लिहिली होती. नदी, गांधी गेट, मूर्तिकारांची ओळ, सराफा, परत नदी. शेवटी बळीराम. मी तो लेख शहरातल्या एका पेपरच्या संपादकांच्या टेबलावर ठेवला. त्यांना सगळे भैयाजी म्हणायचे. त्यांनी तो वाचला. चांगला आहे म्हणाले. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"तीन मासे. मासा म्हणजे किती, हे आता कोणाला ठाऊक आहे? लोक म्हणतील, यात काय विशेष?"

बदला असं ते म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पेन माझं होतं. मी तिथेच, उभ्या उभ्या, मासेच्या जागी तोळे केलं. बारा माशांचा एक तोळा होतो. भैयाजींनी पुन्हा वाचलं.

"एक तारखेला येऊन भेटा," ते म्हणाले. "जागा निघते आहे."

रविवारी पेपर घेऊन मी बळीरामकडे गेलो. तो खाटेवर बसला, सत्यवती दाराशी, कौशल्या चुलीपुढे. तिघांपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. त्या वाक्याशी आलो तेव्हा ते सोडून पुढच्या वाक्यावर गेलो. माझा आवाजही बदलला नाही.

वाचून झाल्यावर सत्यवती म्हणाली, "एवढंच? किती सोनं निघते ते नाई लिहिलं?"

"ते लिहायचं नसतं," मी म्हणालो.

"बरं केलं," बळीराम म्हणाला. "नजर लागते."

त्याने पेपर घडी करून उशाखाली ठेवला.

गुरुवारी आम्ही निघालो. पुढे बळीराम, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून. त्याच्याबरोबर नत्थूजी. मागे कौशल्या, नव्या हिरव्या लुगड्यात, सुपडं दोन्ही हातांनी धरून. शेवटी मी. सत्यवती घरी राहिली होती. आईने फेरीत यायचं नसतं. नत्थूजी वाटभर बोलत होते.

"हे नदी तुमची चांगली हाय गा बळीराम. आमच्या कन्हानले पानी हाय, पन सोनं कुठी हाय?"

"इथंबी पानीच हाय," बळीराम म्हणाला. "सोनं त डोक्यावर आनाव लागते."

दोघंही हसले. शुक्रवारीत नत्थूजींनी सगळ्यांना चहा पाजला. कौशल्याला त्यांनी बशीत चहा ओतून दिला आणि म्हणाले, "पी वं बाई. आमच्या घरी यवढं लाजाचं नाई."

आम्ही ओळीत पोचलो तेव्हा दुकानं उघडली होती. पहिली पायरी ओमप्रकाश सेठजींची. त्यांचं दुकान ओळीत सर्वांत जुनं. त्यांनी माती टाकली की बाकीचे टाकतात. सेठजी गादीवर बसले होते. त्यांनी बळीरामला पाहिलं, पण उठले नाहीत. गादीखालून पेपर काढला.

"काहून गा बळीराम, हा पेपरातला बळीराम तूच का?"

"हव सेठजी." तो खूश झाला. त्याने मला दंडाला धरून पुढे केलं. "यानं लिहिलं. हा वसंता. माहा दोस्त हाय."

सेठजींनी मला पाहून घेतलं.

"तीन तोळे महिन्याले?"

बळीराम हसला. "काहून मजाक करता सेठजी? तीन तोळे! मासे म्हना."

"इथं तोळे लिहून हाय." त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला. "वाचो भाई. तुम्हीच लिहिलं न?"

मी वाचलं. या वेळी वाक्य सोडता येणार नव्हतं. माझं वाचून झालं तेव्हा शेजारच्या दुकानातली कानस थांबली होती. बळीराम माझ्याकडे पाहत होता. "हे त..." तो म्हणाला.

"तीन तोळे माह्या पायरीवरून जाते," सेठजी म्हणाले. "मंग माहे कारागीर चोर, नाही त हा चोर. अन् सरकारी साहेबानं वाचलं, त मीच चोर. सोन्याचा हिसाब रत्तीचा द्या लागते मले. काल दोघं येऊन बसले होते इथं, हाच पेपर घेऊन." मग ते माझ्याकडे वळले. "सच बताओ. मनानं लिहिलं, का यानं सांगितलं?"

प्रश्न सोपा होता. उत्तरही सोपं होतं. मी लिहिलं, चुकीचं लिहिलं. एवढं म्हणालो असतो तर सेठजी रागावले असते, मला हाकलून दिलं असतं, कदाचित भैयाजींना फोन केला असता. त्यांची जाहिरात दर दिवाळीला आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर असते. एक तारखेला सहा दिवस होते.

मी म्हणालो, "यांनीच सांगितलं होतं."

कौशल्याने मान वर केली. तेवढंच मला दिसलं. मी बळीरामकडे पाहू शकलो नाही. त्याचा आवाज ऐकू आला.

"हव," तो म्हणाला. "म्याच सांगितलं असन. बोलाच्या भरात."

मी तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. तो सेठजींपुढे हात जोडून उभा होता. माझ्याकडे त्याची पाठ होती.

"बोलाच्या भरात!" सेठजी म्हणाले. "तीस साल से तुम्हाले पायरी देल्ली. तुह्या सासऱ्यानं कधी तोंड नाही उघडलं. आजपासून माही पायरी माहा नौकर झाडन. माती माह्याच दुकानात राहीन."

नत्थूजी पुढे आले. ते हळूच म्हणाले, "तीन तोळे घरात, अन् पोरीच्या कानात पितळ? कोनापासून दडवून राहिला गा बळीराम? आमच्यापासून?"

"नाई गा नत्थूजी."

"मंग लबाड बोलून राहिला. दोनातलं एक त हाय न." त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. "पायरीच नाई, त फेरी कायची? मी इथूनच मोटर पकडतो."

ते गेले. कौशल्याचं सुपडं रिकामं होतं.

मला वाटलं, आता आपण परत जाऊ. पण बळीराम पुढे निघाला. फेरी अर्धवट सोडायची नसते. तो दुसऱ्या पायरीपुढे उभा राहिला. आतल्या माणसाने सगळं ऐकलं होतं. तो तिजोरीकडे तोंड करून काहीतरी शोधत राहिला. बळीरामने थोडा वेळ वाट पाहिली आणि तिसऱ्या पायरीपुढे गेला. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने हात हलवून जा म्हटलं. चौथ्याने, "सेठजी काय म्हणते ते पाहू," म्हटलं. अशा अकरा पायऱ्या. प्रत्येकीपुढे कौशल्या सुपडं पुढे धरायची आणि मागे घ्यायची. मी त्यांच्या मागे दहा पावलांवर होतो. लोक बाप-लेकीकडे पाहत होते. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.

ओळ संपली. जुन्या भंडारा रोडने आम्ही उतरलो. ऊन झालं होतं.  घाटाशी आल्यावर कौशल्या सरळ घरात गेली. बळीराम नदीवर उतरला आणि त्याने पाय धुतले. मीही खाली गेलो.

"भाऊ, तुम्ही हो काहून म्हणाले?"

 त्याने धोतराने तोंड पुसलं.

"तू बोलून चुकला होता न गा. मी नाई म्हटलं असतं, त चार लोकांत तू खोटा पडला असता. तुही नवकरी लागाची हाय." तो उठला. "माहं काय. मले कोन वाचून राहिलं?"

मी तिथेच उभा राहिलो. त्याने मला शिवी दिली असती तर मला कळलं असतं आता काय करायचं ते.

दुसऱ्या दिवशी कौशल्या बडकस चौकात आली. आमचं घर तिने विचारत विचारत शोधलं होतं. आत आली नाही. जिन्याखाली उभी राहून बोलली.

"तुम्ही शिकलेले हा. तुमचं कोनी खोटं म्हनत नाई. सेठजीले जाऊन सांगा. नत्थूजीले मी नाई सांगत सांगाले, तो गेला त गेला. पायऱ्या माह्या मायच्या हायेत."

"जातो," मी म्हणालो.

"आज?"

"आज नाही. एक-दोन दिवसांत."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "माहा बाप कधी लबाड बोलला नाई. तुमच्यासाठी बोलला." आणि निघून गेली.

मी एक-दोन दिवसांत गेलो नाही. एक तारखेला भैयाजींकडे गेलो. नोकरी मिळाली. चार तारखेला सेठजींकडे गेलो. तोवर त्यांच्या नोकराने पायरी झाडायला सुरुवात केली होती आणि दुसऱ्या दुकानांनीही आपापली माती राखून ठेवायचं ठरवलं होतं. मी सेठजींना खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"त्या दिवशी सर्वांसमोर एक बोलले, आज एकट्यात दुसरं. मी कोणतं धरू?" मग म्हणाले, "पेपर में छापो की झूठ लिहिलं होतं. मी साहेबाले दाखवतो अन् बळीरामले बोलावतो. आपली दुश्मनी थोडी हाय त्याच्यासंगं."

हे पुरेसं होतं. चार ओळींची दुरुस्ती. मी ती लिहून भैयाजींकडे नेली. त्यांनी चष्मा काढला.

"नोकरीला लागून चार दिवस झाले तुम्हाला. नावानिशी पहिलंच छापायचं ते चुकीची कबुली? राहू द्या. लोक विसरतात."

मी कागद परत घेतला. पुन्हा नेला नाही. भैयाजी वाईट माणूस नव्हते. मी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्यांनी बहुधा छापलं असतं.

नत्थूजींच्या मुलाचं लग्न त्याच वैशाखात झालं. मुलगी भंडाऱ्याकडची, सात पायऱ्यांची. कौशल्यासाठी नंतर दोन ठिकाणांहून माणसं आली. दोघांनीही ओळ किती पायऱ्यांची असं विचारलं आणि चहा पिऊन गेले. आता ती आणि सत्यवती दुसऱ्यांची माती धुऊन देतात. बळीराम हिंगण्याला एका कारखान्यात झाडूकामाला लागला आहे. हे मला त्याच्या वस्तीतल्या एकाने सांगितलं.

गेल्या महिन्यात तो मला बर्डीवर बसच्या रांगेत दिसला. खाकी शर्ट, हातात डबा, सोबत कारखान्यातला एक माणूस. मी पलीकडच्या बाजूला वळणार होतो. त्याने मला आधी पाहिलं.

"वसंता! ये न गा इकडे." त्याने सोबत्याला सांगितलं, "हा माहा दोस्त. पेपरात हाय."

सोबती हसला. "पेपरवाले काय, मनानं काईबी लिहितात."

"हा नाई लिहीत," बळीराम म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो टोमणा मारत नव्हता. सोबत्याने हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला.

बस आली. बळीरामला खिडकीची जागा मिळाली. त्याने डबा मांडीवर ठेवला आणि बाहेर वाकून म्हणाला, "घरी येत जा न. सत्यवती इचारते, वसंता काहून येत नाई."

मी मान हलवली. बडकस चौकातून त्याच्या घरी जायला चालत अर्धा तास लागतो. मी अजून गेलेलो नाही.